हॉस्टेलचा फॉर्म सध्या बाजूला ठेवा

पत्र (थोडक्यात): ताई, आम्ही सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, तिन्ही शिफ्ट असतात. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मुलगी चार वर्षांची. मुलाचा राग आता आम्हाला झेपत नाही. मोबाइल काढून घेतला म्हणून स्टीलचा तांब्या टीव्हीवर फेकला, स्क्रीन गेली. बहिणीला चावतो. मागच्या महिन्यात वर्गातल्या मुलाला कंपासपेटी फेकून मारली, त्याच्या कपाळाला टाके पडले. या दोन्ही वेळी मिस्टरांची नाइट चालू होती, त्यामुळे मी एकटीच होते. शाळा म्हणते टीसी घेऊन जा. तोंडी विचारलं तर सगळं पटापट सांगतो, लिहायला बसवलं की डोकं दुखतं म्हणतो आणि वही भिरकावतो. रागात गच्चीवरून उडी मारीन असंही म्हणतो. मिस्टर पट्ट्यानं मारतात, मग दोन दिवस बरा असतो. सासूबाई म्हणतात त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या. शेजारचे म्हणतात हॉस्टेलला टाका, फॉर्म आणून ठेवलाय. मानसोपचाराला नेलं तर गोळ्या देऊन गुंगीत ठेवतील, वेड्याचा शिक्का बसेल, अशी भीती वाटते. मी आई म्हणून कुठं कमी पडले?
एक आई, सिडको, नाशिक

नमस्कार,

हॉस्टेल, गोळ्या, शिक्का या सगळ्यावर येतेच. पण तुमच्या पत्राच्या मधोमध एक वाक्य आहे, ‘गच्चीवरून उडी मारीन असंही म्हणतो’, आणि पुढच्याच वाक्यात तुम्ही पट्ट्यावर गेलात. मला आधी त्या गच्चीबद्दल बोलायचंय.

घरोघरी मुलं रागात काहीबाही बोलतात आणि बहुतेक वेळा ते बोलण्यापुरतंच असतं, हे खरं. पण तुमचा मुलगा राग आला की विचार करायच्या आत हात चालवतो, तांब्या आणि कंपासपेटी त्याची साक्ष आहेत. अशा मुलाच्या बाबतीत ‘नुसतं बोलतोय’ असं गृहीत धरू नये. तेव्हा आजच गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. सिडकोत घरावर घर चढलंय आणि पापड-कुरडयांच्या निमित्तानं गच्च्या दिवसभर उघड्या असतात, त्यामुळे वरच्या-खालच्यांनाही सांगून ठेवा; कारण सांगायची गरज नाही, ‘मुलं वर जातात’ एवढं पुरे. फिनाइल, उंदराचं औषध, सासूबाईंच्या बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या, जे काही घरात असेल ते वरच्या कपाटात कुलपात जाऊ दे.

मग तो शांत असताना, जेवण झाल्यावर किंवा झोपायच्या आधी, जवळ बसून सरळ विचारा: ‘तू रागात उडी मारायचं बोलतोस ना, तुला खरंच कधी मरून जावंसं वाटतं का?’ असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात भरतो, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. विचारल्यानं मुलाला सुटल्यासारखं होतं, कारण आईला हे ऐकवतं एवढं त्याला कळतं. ‘नाही, मी रागात म्हणतो’ म्हणाला तरी डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच सांगायचं. ‘हो’ म्हणाला, गप्प बसून रडायला लागला किंवा कसं करायचं तेही सांगू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात घेऊन जा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

आता कुठं जायचं ते. खासगीत नेणं परवडत असेल तर न्या, पण पैशासाठी थांबू नका. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तुमच्यासाठी पुरेसं आहे. सिडकोतून सीबीएस बसस्थानकाला येणारी सिटीलिंक बस पकडली की तिथून पायी जाता येतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. खिडकीवर ‘मुलाच्या वागण्याचा त्रास आहे, मानसोपचार विभागात दाखवायचंय’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘मुलाला दाखवायचंय’ म्हणालात तर सर्दी-तापाच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. आत गेल्यावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथले लोक त्याला डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणारी ही केंद्रं नुसत्या तान्ह्या बाळांसाठी नसतात. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचं वागणं, बोलणं, शिकणं, ऐकणं यातल्या अडचणी तिथं बघायच्या असतात. पहिल्याच दिवशी निकाल हातात पडेल अशी अपेक्षा मात्र नको. चांगली तपासणी दोन-चार खेपा घेते: आईवडिलांशी बोलणं, मुलाशी वेगळं बोलणं, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून आणणं, लागली तर बुद्ध्यांकाची आणि अभ्यासाची चाचणी. एका भेटीत दहा मिनिटं बघून कुणी ठाम नाव सांगून मोकळं होत असेल तर दुसरीकडे विचारा.

खासगीत जाणार असाल तर एक खबरदारी. कॉलेज रोड, गंगापूर रोडला काउन्सेलरच्या पाट्यांना तोटा नाही. त्यातले काही उत्तम आहेत आणि काही सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून बसलेले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. त्यांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चाचण्या घेतात आणि बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे आहे तो राग धरत नाही. आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव नि करिअर सांगणारी जी जाहिरात शाळांच्या गेटवर वाटली जाते, तिच्यावर एक रुपयाही घालवू नका. त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही, करूही नये. पण तुम्ही लिहिलेल्या काही गोष्टी डॉक्टरांसमोर निसटू नयेत म्हणून इथं वेगळ्या काढते. तोंडी सगळं येतं आणि लिहायला बसवलं की वही भिरकावतो, ही माझ्या दृष्टीनं मोठी खूण आहे. डोकं दुखतं म्हणतो, तर आधी डोळे तपासून घ्या. सिव्हिलला जायच्या आधीही हे होईल, आणि चष्म्याचा नंबर निघाला तर अर्धं भांडण तिथंच मिटण्याची शक्यता आहे. नंबर नसेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी मागा. हुशार मुलगा, सगळं समजतंय, आणि अक्षरं मात्र हाताला येत नाहीत. रोज तीस-चाळीस मुलांसमोर त्याचा पाणउतारा होतो. असं मूल ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘मवाली’ म्हणवून घेणं पत्करतं. वर्गातली मारामारी लिहिण्याच्या तासाला झाली की खेळाच्या, हे बाईंना विचारून ठेवा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आलेली आहे, तिचं प्रमाणपत्र मिळतं, आणि पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलतीही मिळतात.

दुसरी शक्यता एडीएचडीची, म्हणजे अवधान टिकत नाही, बसवत नाही, आणि मनात आलं की केलं, मध्ये ब्रेकच नाही. हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक असतो, संस्कारांचा नाही. त्याची लक्षणं लहानपणापासून असतात आणि घरी, शाळेत, लग्नकार्यात, सगळीकडे दिसतात. म्हणून डॉक्टर विचारतील, बालवाडीत कसा होता? आजोळी कसा असतो? हे आठवून ठेवा. अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी एकाच मुलात असणं अगदी सर्रास दिसतं. शिवाय रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, मध्येच काही क्षण टक लावून बघतो आणि हाक मारली तरी भानावर येत नाही असं होतं का, मागून बोललेलं ऐकू येतं का, हेही बघा. नाकामागच्या किंवा घशातल्या ग्रंथी सुजून रात्रीची झोप मोडणारं मूल दिवसा चिडचिडं आणि बेभान होतं, आणि घरचे वर्षानुवर्षं त्याला हट्टी म्हणत राहतात.

गोळ्यांचं सांगते. पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाला औषध लागत नाही. दुसरी, लागलंच तर तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी सुरू करत नाही. एडीएचडीसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. ते गुंगीचं औषध नाहीच, उलट उत्तेजक गटातलं आहे. त्यानं लक्ष टिकतं आणि हात उचलायच्या आधी क्षणभर थांबता येतं. भूक कमी होणं, झोप उशिरा येणं हे त्याचे त्रास आहेत, म्हणून डॉक्टर वजन-उंची बघत राहतात आणि डोस दिवसा देतात. मूल दिवसभर पेंगतंय, तोंडात मूग गिळून बसल्यासारखं झालंय, असं दिसलं तर तो डोस चुकलाय. परत जाऊन सांगायचं, मनानं बंद करायचं नाही. आणि शेजारणीच्या भाच्याला लागू पडलेली गोळी तुमच्या मुलाला द्यायची नाही. हे सांगायला नको, पण आपल्याकडे सांगावं लागतं.

शिक्क्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. सिव्हिलमधून शाळेला फोन जात नाही. शाळेला काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवणार. तसं बघितलं तर शिक्का आत्ताच बसलाय की. वर्गात त्याला काय म्हणतात ते एकदा त्याच्याच तोंडून ऐका. तपासणीनं निदान त्या नावाच्या जागी खरं कारण तरी येईल.

आता घर. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण अशा मुलांच्या उपचारातला मोठा भाग आईवडिलांच्या हातून होतो. लहान मुलांत तर औषधाच्या आधी पालकांचं प्रशिक्षणच सांगतात. एक शंभर पानी वही घ्या आणि राग उसळला की त्या रात्री तीनच गोष्टी लिहा: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘खूप त्रास दिला’ असं नको. ‘साडेसात, मोबाइलवर गेम, मी हातातून ओढून घेतला, तांब्या फेकला, मी रडले, नऊला मोबाइल परत दिला’ असं लिहा. आठवडाभरात तुम्हालाच काहीतरी दिसायला लागेल. मला तुमच्या पत्रातच दिसलं. तांब्या आणि कंपासपेटी, दोन्ही मिस्टरांच्या नाइटच्या आठवड्यात. तुम्ही ते एकटीच असण्याशी जोडलंत, ते बरोबरच. पण नाइट असते तेव्हा ते दिवसा झोपतात ना? शाळेतून आलेलं मूल दोन खोल्यांत तीन-चार तास ‘हळू, पप्पा झोपलेत’ ऐकत बसतं. त्याला गप्प ठेवायला मोबाइल हातात द्यावाच लागतो, आणि संध्याकाळी तोच मोबाइल ओढून घ्यावा लागतो. तुमचा दोष म्हणून सांगत नाही, वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून सांगते. नाइटच्या आठवड्यात दुपारी त्याला घराबाहेर काढण्याची सोय करता आली तर बघा. कॉलनीतलं मैदान, एखादा कराटेचा किंवा कबड्डीचा वर्ग, मावशीचं घर. घाम निघेल असं काहीतरी.

मोबाइलचं भांडण कसं वाढतं, त्याकडे बघा. तुम्ही ‘बंद कर’ म्हणता, तो ऐकत नाही. परत म्हणता, आवाज चढतो. तुम्ही ओढता, तो फेकतो. घर हादरतं, आणि तासाभरानं ‘घे बाबा, पण शांत बस’ म्हणून फोन परत मिळतो. यातून तो शिकला की दहा वेळा ‘नाही’ ऐकल्यावर अकराव्यांदा फेकाफेक केली की मिळतं. तुम्ही शिकलात की दिलं की शांतता मिळते. दोघंही आपापल्या जागी बरोबर शिकलात, म्हणूनच हे सुटत नाही. सोडवायचं तर वेळ आधी ठरवा, भांडणाच्या वेळी नाही. संपायला पाच मिनिटं असताना जवळ जाऊन, खांद्याला हात लावून, एकदाच सांगा. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं मोजू नका, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दिला तर लगेच आणि नेमकं कौतुक: ‘सांगितल्याबरोबर फोन ठेवलास, मला आवडलं.’ नुसतं ‘गुड बॉय’ नको, कशाबद्दल ते कळलं पाहिजे. नाही दिला तर उद्याचा मोबाइल नाही, एवढंच, आणि परवा पाटी कोरी. महिनाभर बंदी घातलीत तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच मोडाल, आणि तो ते ओळखून आहे.

ओरडणं, आदळआपट, ‘तू घाण आई आहेस’ याकडे पाठ फिरवा. मारणं, चावणं, फेकणं याकडे नाही. तिथं लगेच मध्ये पडायचं. आणि हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही चौथ्या दिवशी मला शिव्या द्याल: तुम्ही दुर्लक्ष करायला लागलात की सुरुवातीचे काही दिवस त्याचं वागणं आणखी बिघडेल. नेहमीची किल्ली लागत नाही म्हटल्यावर माणूस ती आणखी जोरात फिरवतो, तसं. उपाय चुकला असं समजून बहुतेक आया नेमक्या इथं हार मानतात. आणि त्या वेळी घरातल्या एकानं, आजीनं किंवा आत्यानं, गुपचूप फोन हातात दिला तर सगळं मुसळ केरात.

याच्या जोडीला रोज पंधरा मिनिटं फक्त त्याची. अभ्यास नाही, उपदेश नाही, बहीण मध्ये नाही. तो सांगेल तो खेळ, तो म्हणेल तसा. ज्या दिवशी त्यानं घर डोक्यावर घेतलं त्या दिवशीही. हे बक्षीस नाही, त्यामुळे ते काढूनही घ्यायचं नाही. दिवसभर शिव्याच खाणाऱ्या मुलाला तुमचा आवाज शांतपणे ऐकायची ही एकच वेळ असते.

तो बेभान झाला की समजावू नका. त्या वेळी डोक्यात शब्द शिरत नाहीत. ‘मी इथंच आहे’ एवढं म्हणा आणि हाताशी असलेल्या वस्तू बाजूला करा. बहिणीला तिथून काढण्याचं काम सासूबाईंना द्या. आवाज चढला की आजीनं नातीला उचलून आतल्या खोलीत न्यायचं आणि आतून कडी लावायची, हे आधी एकदा करून बघा. चार वर्षांच्या पोरीला ‘तू दादाला चिडवू नकोस’ हे शिकवून चालणार नाही. तिला सुरक्षित ठेवणं तुमचं काम आहे, तिचं नाही. आणि हो, तिच्याशीही बोला. तिला रात्री दचकून जाग येते का, ती दादाची नक्कल करते का, हे कुणी बघतंय का घरात?

पट्ट्याबद्दल मी गोड बोलणार नाही. ‘आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की सरळ व्हायचो’ असं मिस्टर म्हणत असतील. पण तुम्हीच लिहिलंय, मारल्यावर दोन दिवस बरा असतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी काय? भीती उतरली की वागणं परत येतं, आणि मधल्या वेळात तो एवढं मात्र पक्कं शिकतो की ज्याला राग येतो आणि ज्याचा हात मोठा असतो तो मारतो. घरात मोठा हात पप्पांचा, बहिणीपुढे मोठा हात त्याचा. मिस्टरांना पट्टा सोडायला सांगा, पण त्यांना गुन्हेगार करून नव्हे. रात्रपाळी करून आलेल्या माणसालाही घरात काय चाललंय ते समजत नसतं आणि त्यालाही काही सुचत नसतं. त्यांना एक ठरावीक काम द्या: रविवारी सकाळी मुलाला घेऊन पांडवलेणी चढायची, दोघंच, आणि वाटेत अभ्यासाचा विषय काढायचा नाही.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांना नातवाची काळजी आहे आणि त्यांना जो मार्ग माहीत आहे तो त्या सांगतायत. नाशिकमध्ये राहून त्र्यंबकचं नाव निघणार नाही असं घर विरळाच. पण नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी, त्याचा खर्च, त्यात मिस्टरांच्या रजा. आणि खरी अडचण ही की ‘आता फरक पडेल’ म्हणत वाट बघण्यात जाणारे महिने. त्यांना सांगा, आधी डॉक्टरांची तारीख, मग तुमच्या मनाप्रमाणे काय करायचं ते बघू. त्यांना सिव्हिलला सोबतही न्या, मुलाचं लहानपण त्यांनाच जास्त आठवत असेल. मात्र कुणी बाबा-बुवा अंगातलं काढतो म्हणून धुरी देणारा, मारणारा, उपाशी ठेवणारा सुचवला, तर तिथं ठाम नाही म्हणा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

शाळेत जाताना एक गोष्ट आधी करा. ज्या मुलाला टाके पडले त्याच्या घरी तुम्ही दोघं जा. मुलाला बरोबर नेऊन सगळ्यांसमोर नाक घासायला लावू नका. मोठ्यांनी मोठ्यांची माफी मागायची, औषधपाण्याचा खर्च विचारायचा, आणि मुलाला तपासणीला नेतोय हे सांगायचं. शाळेवर दबाव बहुतेक वेळा तिकडून येतो. समोरच्या आईची भीती खरी आहे, तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही शाळेत गेला असतात.

टीसी स्वतःहून मागू नका, अर्जावर सही करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १६: आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळालाही बंदी आहे. एवढंच की २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, तेव्हा तुमची शाळा कुठल्या प्रकारची आहे ते बघून घ्या. पण कायदा खिशात ठेवा, बाहेर काढण्याची घाई नको. मुख्याध्यापकांना भेटून सांगा की तपासणी सुरू केली आहे, केसपेपरची झेरॉक्स दाखवा, आणि तीन महिने मागा. त्यासोबत छोट्या गोष्टी मागा: पहिल्या बाकावर जागा, लिखाण थोडं कमी, उत्तर तोंडी घेणं, डोकं गरम झालं की पाणी प्यायला बाहेर जायची मुभा, फळा पुसणं किंवा वह्या वाटणं असं एखादं मानाचं काम. चौथीच्या बाईंना जर कुणी दोष न देता मदत मागितली, तर बहुतेक बाई करतात. त्यांच्याही वर्गात पन्नास गोष्टी चालू असतात. तरी शाळा अडूनच बसली, तर टीसीचं कारण लेखी मागा आणि महापालिकेच्या शिक्षण विभागात अर्ज द्या. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षक असतात, त्यांचीही चौकशी तिथंच होईल.

हॉस्टेलला आत्ता माझा विरोध आहे. वाईट असतात म्हणून नव्हे. पण ज्या मुलाला काय होतंय हेच कुणाला माहीत नाही, ते मूल साठ मुलांच्या खोलीत, अनोळखी वॉर्डनच्या हाती देऊन काय होईल? एक तर तो मार खाईल, नाही तर देईल, आणि दिवाळीच्या आत ते फोन करतील, घेऊन जा म्हणून. मग त्याच्या मनात पक्कं बसेल की आपण कुणालाच नको आहोत. आणि तो गच्चीचं बोलणारा मुलगा आहे, हे विसरू नका. तपासणी झाली, सहा-आठ महिने उपचार झाले, आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले की वेगळ्या प्रकारच्या शाळेची गरज आहे, तर तो विचार तेव्हा डोळसपणे करता येईल.

कुठं कमी पडले, असं तुम्ही विचारलंय. याचं उत्तर मी देणार नाही, कारण प्रश्नाचा उपयोग नाही. तुम्ही चुका केल्या असतील, सगळ्या आया करतात, पण वही भिरकावणारा हात काही तुमच्या चुकीनं तयार झाला नाही. तुम्हाला झोप लागत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, पोरीवरही हात उचलला जात असेल, तर त्याच सिव्हिलमध्ये त्याच दिवशी स्वतःसाठीही केसपेपर काढा. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

मिस्टर पहिल्या खेपेला यायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, तुम्ही आणि सासूबाई जा. वही, शाळेची नोटीस, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि त्याची मराठीची एक वही बरोबर न्या. अक्षर बघूनच डॉक्टरांना बरंच कळतं. मुलाला खोटं सांगून नेऊ नका, ‘फिरायला जाऊ’ म्हणून तर नाहीच. ‘तुला इतका राग येतो त्याचा तुलाही त्रास होतो ना, त्यावर बोलणारे डॉक्टर आहेत, इंजेक्शन नसतं’ एवढं आदल्या संध्याकाळी सांगा. दुसऱ्या खेपेची तारीख मिस्टरांची फर्स्ट किंवा सेकंड कधी आहे ते बघून मागा. नाइट उरकून आलेला माणूस सिव्हिलच्या बाकावर डोळे मिटूनच बसेल.

तुमची,
ताई